आक्काचा गळ

वन्सं, तुमच्या तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून दत्तूने घरभर शोधलं. एकही निघाला नाही. शेवटी तुमच्या कारखान्याच्या पासावरचा, नखाएवढा, चिंचवडला नेऊन मोठा करून आणला. मोठा केल्यावर चेहरा पुसट झाला, पण कपाळावरची आठी नीट आली. दत्तूने खिळा ठोकला, फोटो टांगला, सगळे हात जोडून उभे राहिले, आणि खिळा वाकून फोटो खाली आला. काच फुटली नाही. आपली मंगल, दत्तूची आठ वर्षांची पोर, पटकन बोलली, "आक्काचा गळच की."

दोघं-तिघं हसले, मग गप्प झाले. आपण काय चुकलो ते मंगलला कळेना. तिला ती म्हण वाटते. कुणाचं काम कच्चं निघालं, खाटेची दोरी तुटली, शिवण उसवली, की आपल्या घरात तसं म्हणतात. आळीतही म्हणतात. तिने जन्मापासून ऐकलं आहे. त्यातली आक्का म्हणजे तुम्ही, जिला ती थोरली आजी म्हणायची आणि जिच्या मांडीवर वाढली तीच, हे त्या पोरीच्या डोक्यात कधी आलंच नसेल.

म्हण खोटी आहे. ती माझ्या एका खोट्यातून निघाली, आणि ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. सांगायला सोळा वर्षं मिळाली होती मला. आता तुम्ही ऐकायला नाही तेव्हा सांगते आहे. माझी हिंमत एवढीच.

मी मोशीला लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सासरहून कायमच्या परत आला होतात. नवऱ्याने का टाकलं ते तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईला हाताला काम लागतं, नाहीतर घास उतरत नाही. तुमचं काम गळांचं. आपण भोई माणसं. संध्याकाळी हे इंद्रायणीत लांब दोर आडवा सोडायचे, दोराला हात-हात अंतरावर गळ, गळाला गांडूळ. उजाडताना ओढायचे. दोर ह्यांचा, टोपली घेऊन विकायला फिरणं माझं, आणि गळ तुमचे. एकशेवीस गळ. रोज दुपारी ओट्यावर मांडी घालून, मांडीवर पांगाऱ्याची फळी आणि शेजारी निसणा, धार लावायचा दगड, घेऊन बसायचात. त्या वेळी तुमच्याशी कुणी बोलायचं नाही.

लग्नानंतर महिन्याभरात तुम्ही मला जवळ बसवलंत.

"नख दे."

"कशाला?"

"दे तर. भावजय हाय म्हून मागते, न्हाईतर कोंबडीचं बी चाललं असतं."

माझ्या अंगठ्याच्या नखावर तुम्ही गळाचं टोक तिरकं टेकवलंत. "टेकवायचा, दाबायचा न्हाई. जागच्या जागी अडकला तर चालू दे. घसरला तर घास. घासून बी घसरला तर टाक." तुमच्या डाव्या अंगठ्याचं नख बारीक पांढऱ्या रेघांनी भरलेलं असायचं. मी पुढे कितीही वर्षं केलं तरी माझं तसं झालं नाही.

घासायचं कसं, तेही तुम्ही दाखवलंत. निसणा ओला. टोक आपल्याकडे. टोकामागच्या उलट्या काट्याकडून टोकाकडे ओढायचं, टोकाकडून मागे कधीच नाही. तीन बाजूंनी, हलक्या हाताने, आणि मोजून. मासा गळ गिळतो तेव्हा टोक बोथट असेल तर तो चव घेऊन थुंकतो, तुमचं गांडूळ फुकट. घासून झाला की फडक्याने कोरडा करायचा, करडईच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि फळीत टोचून ठेवायचा. डब्यात एकावर एक टाकले तर टोकं टोकांना मारतात, म्हणायचात. जावा-जावांसारखी.

तुमचं माझं पहिलं भांडण टाकायच्या गळांवरून झालं. मला वस्तू टाकवत नाही. घासून घासून टोक उलट्या काट्यापर्यंत आलेला, वाकणात गंजाचा खड्डा पडलेला, माशाने ओढून उघडलेला, असे गळ तुम्ही बाजूला काढायचात आणि मी ते पुन्हा उचलून आणायची. उघडलेला गळ मी दगडावर ठोकून परत वाकवला आणि तुमच्यासमोर धरला.

"बघा. झाला की नीट."

"झाला न्हाई. त्याला वाट ठाव झाली. परत त्याच वाटंनं जाणार."

"लोखंडाला कसली वाट?"

"धार परत येती, अनसू. लोखंड परत येत न्हाई."

तो गळ मी तुमच्या नकळत दोराला लावला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच मोडलेला निघाला. तुम्ही मोडका तुकडा माझ्या भाकरीच्या ताटाशेजारी ठेवलात. त्याचा मला आठ दिवस राग होता. तुम्ही बरोबर होतात म्हणून जास्त.

बासष्ट साल उलटलं तसे भोसरीच्या माळावर पत्रे चढायला लागले. दत्तू वीस वर्षांचा झाला आणि एका कंपनीत लागला. ओतीव मालाच्या कडा फिरत्या चाकावर घासून काढायचं काम. ह्यांना ते सोसलं नाही. "नदीकडं पाठ केलीस, आता माझ्याकडं बी करून बस," म्हणाले, आणि सात महिने त्याच्याशी बोलले नाहीत. एका घरात, एका चुलीवरचं जेवत. "त्याला म्हणावं पाटावर बस." "त्याला म्हणावं कंदील बारीक कर." मी मधे. एकदा हे बोलून गेले, की ह्याच्या हातून आता एक जरी चूक झाली तर वळकटी रस्त्यावर टाकीन. ते तसं बोलले म्हणजे तसं करतात, हे तुम्हालाही माहीत होतं.

दत्तूच मला म्हणाला, "आई, आक्का एकेक गळ घासत अख्खी दुपार घालवते. चाकावर धरला की एका श्वासात टोक निघतं. बाबांच्या दोराला माझाबी हात लागला, मासा बरा आला, तर बोलतील तरी."

मला ते पटलं. पोराने बापाकडे यायला काढलेली वाट होती ती. तुम्हाला न विचारता मी फळीवरचे साठ गळ काढले आणि त्याच्या डब्यात भाकरीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ते परत आले. गंजाचा कण नाही, टोकं सुईसारखी, आणि टोकापासून वाकणापर्यंत निळ्या रंगाची झाक, मोरपिसासारखी. मी नखावर टेकवला. जागच्या जागी अडकला. दुसरा, तिसरा, सगळे. मला इतका आनंद झाला होता की मी ते तुम्हाला दाखवायला आणले, लपवायचे सोडून.

तुम्ही नखाला लावलाच नाहीत. दोन बोटांत धरून वाकणावर अंगठा दाबलात. गळ हलला.

"हे बघ. ह्याचं पाणी उतरलंय. तापला हा. नुसती धार हाय, आत काय न्हाई."

"नखावर तर अडकतोय."

"नख धार सांगतं. लोखंड न्हाई सांगत."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणाले, "हातचं काम जाईल म्हणून पोटात दुखतंय, तसं सांगा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. निळे साठ फळीच्या एका कडेला, तुमचे साठ दुसऱ्या कडेला टोचलेत. "हे साठ लावू नको," म्हणालात आणि गोवऱ्या आणायला गेलात. तुम्ही नजरेआड होताच मी माझ्या हाताने आधी तुमचे साठ आणि मागे ते साठ दोराला बांधले. सकाळी दोर भरून येईल, हे खूश होतील, मग मी सांगेन की हा दत्तूचा हात आहे. एवढं सगळं मी गाठी मारता मारता ठरवून टाकलं होतं.

सकाळी आपण दोघी टोपल्या घेऊन काठावर उभ्या होतो. हे कमरेएवढ्या पाण्यातून दोर ओढत होते. पहिला अर्धा तुमचा. शिंगटे आले, दोन वामी आल्या. मग निळे सुरू झाले. सरळ. दाभणासारखे सरळ. एका मागून एक, मासा नाही, गांडूळ नाही. एकाला मरळीच्या ओठाचा तुकडा तेवढा लागलेला. तो मासा केवढा असेल ते त्या तुकड्यावरून कळत होतं. एकोणीस गळ उघडले होते. पलीकडे आळीतल्या शेवंताचा नवरा त्याचा दोर गुंडाळत होता, तो ओरडला, "काय राव, मासं धरताय का गोधडी शिवताय?"

ह्यांनी एक सरळ झालेला गळ तळहातावर घेतला आणि आपल्याकडे पाहिलं.

"हे कुणी घासलं?"

मी दत्तूचं नाव घेतलं असतं तर त्याच दिवशी त्याची वळकटी रस्त्यावर असती. आणि मी बांधले असं म्हटलं असतं तर कुणी घासले हा प्रश्न तसाच राहिला असता. हे मी आज सांगते. त्या वेळी एवढा विचार नव्हता. तोंडातून आलं, "वन्संनी. उघडले ते वन्संचे. टिकले ते दत्तूने कंपनीतून घासून आणलेत."

उलटं सांगितलं. टिकलेले तुमचे होते.

तुमच्या कमरेवर टोपली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, फार वेळ नाही.

"व्हय," म्हणालात. "माझ्याच हातचं."

"डोळं गेलं तुझं, आक्का," हे म्हणाले. तुम्ही त्यांची थोरली बहीण. शेवंताचा नवरा ऐकत होता. "उद्यापास्नं गळाला हात लावू नको."

घरी येताना मी तुमच्या पुढे चालत होते. मागून तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून माझी पाठ ताठ झाली होती. चढावर तुम्ही म्हणालात, "टोपलीला खालनं हात लाव. बूड सुटलंय." दुसरं काही नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

का म्हणालात "व्हय"? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी दत्तू शिफ्ट संपवून आला. ओट्यावर चढायच्या आधी मला बाजूला घेऊन विचारलं, "माझे?"

"तुझे टिकले."

आत हे जेवत होते. त्यांनी मान वर केली आणि सात महिन्यांनी त्याला सरळ विचारलं, "जेवलास का?" दत्तू पाटावर बसला. दोघं शेजारी शेजारी जेवले. वाढत तुम्ही होतात. त्या दिवशी मला सुख झालं, वन्सं. लाज नंतरची. आधी सुखच झालं.

महिन्याभराने खाटेची दोरी तुटली आणि दत्तू हसत म्हणाला, "आक्काचा गळ." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. सगळे हसले आणि सगळ्यांत जास्त तुम्ही हसलात. मग ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. शेवंताच्या घरी गेलं, विहिरीवर गेलं. तुम्ही कशाला सल्ला दिलात की कुणीतरी म्हणायचं, असू दे, आक्काचा गळ व्हायचा. हळूहळू तुम्ही सल्ला द्यायचंच सोडलंत.

काम गेल्यावर आठ दिवस तुम्ही दुपारी तिथेच, ओट्यावर, मांडी घालून बसत होतात. हात मांडीवर उताणे. नवव्या दिवशी भोसरीला जाणाऱ्या बायकांबरोबर निघालात. ओतकामाच्या कारखान्यात वाळू चाळायला. मी तुम्हाला थांबवलं नाही. डबा बांधून दिला.

गळ माझ्याकडे आले. मला घासता येत नव्हतं. एक बाजू जास्त जायची, टोक वाकडं व्हायचं, आणि टाकायचा कुठला हे तर मला कधीच कळलं नाही, मी सगळेच ठेवायची. पहिले पंधरा दिवस मासा थुंकून जात होता. मग हळूहळू दोर बरा यायला लागला. हे मला म्हणाले, "बसला तुझा हात." लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. त्या माणसाने मला कशाबद्दल चांगलं म्हटल्याची ती पहिली वेळ. मी ते ठेवून घेतलं.

दुपारी मी घासून फळी खुंटीला टांगायची, संध्याकाळी पाण्याला जायची, आल्यावर हे दोर बांधायला घ्यायचे. एकदा विहिरीवर फार गर्दी होती म्हणून मी रिकामी घागर घेऊन मागे फिरले. तुम्ही कारखान्यातून आलेल्या, लुगड्यावर काळी वाळू तशीच, मागच्या दारात फळी मांडीवर घेऊन बसला होतात. माझे गळ पुन्हा घासत होतात. मान वर केली नाहीत.

"पाणी मिळालं न्हाई?"

"गर्दी हाय."

"मग बस जरा. दहा राहिल्यात."

मी बसले नाही. घराला वळसा घालून गेले आणि आधीच उलटलेल्या गोवऱ्या परत उलटत बसले. त्या दिवसापासून मी पाण्याला जाताना मुद्दाम वेळ लावायला लागले. तुम्हाला पुरेसा वेळ मिळावा म्हणून. हे आपल्यात ठरलं, एक अक्षर न बोलता, आणि कितीतरी वर्षं चाललं.

पुढे मला एक गळ हाताला वेगळा लागला. रंग जुना, पण वजन जास्त. उन्हात धरून पाहिला तर दोरी ओवायच्या डोळ्यात आतून चकाकत होता. नवा होता. तुम्ही तुमच्या पगारातून नवे आणवत होतात, पुण्याला जाणाऱ्या कुणा बाईकडून, आणि चुलीच्या राखेत घोळवून जुने करत होतात. डोळ्याच्या आत राख पोचली नव्हती. मग मी एकेक पाहत गेले. एकशेवीसमधले सत्तरच्या वर तसे. मी ज्यांना टाकायला तयार नव्हते ते कधीच गेले होते. भावाला दिसू नये म्हणून राख. की मला दिसू नये म्हणून? तो गळ मी फळीत परत टोचला आणि पाण्याला गेले. रस्त्यात मला उलटी झाली. शेवंताने विचारलं, काय गं, ह्या वयात? मी हसले. असली बाई मी.

पुढे गळ लवकर खराब व्हायला लागले. जो हंगामभर टिकायचा त्याला पंधरवड्यात खड्डे पडायचे. मी म्हणायची, तेल लावायला कंटाळा करता तुम्ही. एवढंच उघड बोलायची, जणू आपलं ते बोलणं चालूच होतं. तुम्ही म्हणायचात, तेल न्हाई, पाणीच खातंय. निसणा नदीच्या पाण्यात बुडवला की त्याला निराळाच वास येत होता. मी नाही म्हणत राहिले. शेवटच्या वर्षी वामी काठाला उलट्या पडलेल्या पाहिल्या तेव्हा कळलं की त्यातही तुमचंच खरं. ह्यांनी दोर गुंडाळून माळ्यावर टाकला तेव्हा तुमचा खोकला सुरू होऊन दोन पावसाळे झाले होते. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, काम कसलं करत होत्या? दत्तूने सांगितलं, वाळू चाळायच्या. डॉक्टरने मान हलवली आणि लिहीत राहिला. मी तिथे स्टुलावर बसले होते. तुम्ही वाळू चाळायला का गेलात, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

शेवटच्या आठवड्यात मी एकदा तोंड उघडलं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, मी पाठीवर तेल चोळत होते.

"वन्सं, ते गळांचं..."

"कुठले गळ?"

"त्या सकाळचे."

तुम्ही खोकलात, थुंकी पुसलीत. "दोरच राहिला न्हाई आता. चहा ठेव, आलं घाल थोडं."

तुम्हाला आठवत नव्हतं, की मला सोडवलंत, की सांगूच द्यायचं नव्हतं म्हणजे ओझं माझ्यापाशी राहावं? तिन्ही शक्य आहे. तुम्ही काही देव नव्हतात. मी चहा ठेवला. आलं घातलं. तो चहा तुम्ही अर्धाच प्यायलात आणि म्हणालात, साखर कमी आहे.

तेराव्याला फोटो पडला आणि मंगल तसं बोलली, तेव्हा मला राहवलं नाही. पाहुणे गेल्यावर मी ह्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. साठ गळ डब्यात कुणी घातले, दोराला कुणी बांधले, टिकले ते कुणाचे. हे तंबाखू मळत होते. मळतच राहिले.

"मला ठाव हाय," म्हणाले.

"कधीपास्नं?"

"त्याच सकाळपास्नं. निळा गळ हातात धरला व्हता मी. हातानं घासलेला गळ निळा व्हतो का? आन् नंतर तू काय घासत व्हतीस ते बी ठाव हाय. हात कळतो. चाळीस वर्सं तिच्या गळावर दोर वढला मी."

"मग तिला का बोललात?"

त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

"पोराला बोललो असतो तर पोरगं गेलं असतं. आक्का कुठं जाणार व्हती?"

वन्सं, मी ह्या माणसाबरोबर जन्म काढला आणि मला त्याचं तोंड त्या वेळी बघवेना. मग लक्षात आलं, की मीही तेच केलं होतं. कुणाला बोललं तर चालेल हे आम्हा दोघांना, एकमेकांना न विचारता, एकच सुचलं. जिला दुसरं दार नव्हतं ती.

"आपण दोघं चोर," मी म्हणाले.

"तिघं. तिनं बी व्हय म्हटलं."

"जिचं चोरलं ती चोर कशी?"

ह्यावर ते उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलू देत.

दत्तूला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो आता कंपनीत सुपरवायझर आहे, तुम्हाला माहीत आहे किती ताठा आहे त्याला. ऐकून खाली बसला. म्हणाला, "नवीन पोरं लागली की मी त्यांना ती गोष्ट सांगतो, आई. माझे टिकले आणि आक्काचे उघडले, म्हणून." मग माझ्याकडे न बघता, "चाकावर बारीक लोखंड धरलं की तापतं, पाणी उतरतं, हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं."

म्हणजे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि प्रत्येक जण ती म्हण म्हणत होता.

मग मी शेवंताकडे गेले, कारण त्या सकाळी तिचा नवरा काठावर होता. तो आता नाही. शेवंता आणि तिची सून शेवया वळत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. शेवंताने हात पुसले.

"अगं, इतक्या वर्सांनी? म्हणायचं म्हणून म्हणतो आमी. आक्का कोण, हे आताच्या पोरींना कुठं ठाव हाय."

"म्हणूनच सांगते. नाव काढून टाका त्यातनं."

"मग काय म्हणायचं?"

"माझं घाला. अनसूयाचा गळ म्हणा."

सून हसली. "तोंडात बसत न्हाई, आजी. लांब हाय."

तीन घरं फिरले. सगळीकडे असंच. कुणी हसलं, कुणी पाणी दिलं, एकीने विचारलं मला बरं नाही का. म्हण परत घेता येत नाही, वन्सं. घासून उपयोग नाही असा गळ आहे तो, आणि टाकायचा तर तो माझ्या हातात नाही.

काल मंगलने कणीक भिजवायला घेतली, फार सैल झाली, पोळी उलथताना फाटली. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. घरातल्यांनी तिला दम दिला असावा.

मी म्हणाले, "अनसूयाचा गळ."

"असं कुठं म्हणतात, आजी?"

"आपल्याकडे आजपासून म्हणतात."

"अनसूया म्हणजे तूच ना? तू काय केलं?"

मी पोळपाट बाजूला सरकवला आणि तिला समोर बसवलं.